देव सखा आहेच, मग?

देवाला भिऊ नका, असं सांगणाऱ्यांची सध्या चलती आहे. एका व्याख्यानमालेत हे नुकतंच ठासून सांगून झालं. युक्तिवाद सुटसुटीत होता. वीज कडाडली, रानटी माणूस थरथरला, त्या थरथरीतून देव निघाला. पुढे संतांनी ती भीती पुसून टाकली, विठोबाला माउली केलं, सखा केलं. तेव्हा आता देवापुढे कापणं म्हणजे पुन्हा गुहेत जाणं. टाळ्या पडल्या. पडणारच, घाम न फुटता मोक्ष मिळतोय म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

पुरावा म्हणून वक्त्यांनी अर्जुनाला उभं केलं. कृष्णाचा सखा, सारथ्याशी बरोबरीने बोलणारा. नेमका हाच साक्षीदार काढायला नको होता.

गीतेचा अकरावा अध्याय त्यांनी कधी वाचला होता कोण जाणे. विश्वरूप अर्जुनावर कुणी लादलेलं नाही. ते बघायची हौस त्याचीच. साध्या डोळ्यांना पेलणार नाही म्हणून कृष्ण त्याला दिव्यदृष्टी देतो. आणि मग? अंगावर काटा. दिशा कळेनाशा होतात. भीष्म, द्रोण, कर्ण त्या विक्राळ तोंडांत शिरताना दिसतात, कुणाकुणाची डोकी दातांत चिरडून अडकलेली. आपण कोण, असं विचारल्यावर उत्तर येतं की मी काळ आहे. हात जोडून, कापत, अडखळत बोलणारा हा माणूस मुळात भित्रा नव्हे. किरातवेषातल्या शंकराशी त्याने झुंज घेतली होती. त्याला या क्षणी काय आठवावं? आपण याला नुसतं नावाने हाक मारली, मित्रा म्हटलं, खेळताना, लोळताना, जेवताना चारचौघांत थट्टा केली. त्या सगळ्याची तो क्षमा मागतो. म्हणजे वक्त्यांनी ज्या सख्याचा दाखला दिला, त्याच सख्याच्या आठवणीने अर्जुनाची गाळण उडाली आहे! ज्याने कधी थट्टाच केली नाही त्याला असं ओशाळायचं कारणच नसतं.

वक्त्यांनी प्रल्हादाचाही दाखला दिला. तो नरसिंहाला भ्याला नाही, हे खरं. पण भागवतात त्याच रूपाजवळ जायला लक्ष्मीही धजत नाही, हे सांगायचं राहून गेलं. यशोदेचं तर विचारूच नका: पोराच्या तोंडात ब्रह्मांड पाहून ती गांगरते, आणि मायेने तो प्रकार विसरायला लावल्यावरच त्याला पुन्हा मांडीवर घेते.

भीतीचा धंदा करणारे आहेत, हे मलाही मान्य आहे. नवस फेडला नाही तर घरावर अरिष्ट येईल म्हणणारे, हा निरोप अकरा जणांना पाठवा नाहीतर बघा म्हणणारे. त्यांच्याशी आम्ही पूर्वीच भांडून घेतलं आहे, आणि तेव्हा आम्हालाच नास्तिक ठरवण्यात आलं होतं. पण ती भीती शिक्षेची. अर्जुनाला कुणी शिक्षा करणार नव्हतं. देव तर त्याच्याच बाजूला होता.

माझं म्हणणं एवढंच, की हा कंप जवळिकीच्या आड येत नाही. आपण हर्षलो आहोत आणि मन भयाने व्याकूळ झालं आहे, असं अर्जुन एकाच श्लोकात सांगतो. त्याआधी क्षमा मागतानाही, मित्र मित्राचं सोसतो तसं माझं सोस, अशीच त्याची विनवणी आहे. ज्ञानेश्वरीतला कृष्ण तर या घाबरण्याबद्दल त्याची चांगली कानउघाडणी करतो, आणि तरी सौम्य रूपही धरतो. एवढं सलगीचं बोलणं कापणाऱ्या माणसाच्याच वाट्याला आलं.

तेच रूप संजयानेही पाहिलं, पण दुरून. गीतेच्या शेवटी ते आठवून त्याला पुन्हा पुन्हा विस्मय वाटतो, आनंद होतो. भीतीचं नाव नाही. रथात उभा होता तो अर्जुन. आमचे वक्ते तर संजयाच्याही बरेच मागे, पंख्याखालच्या खुर्चीत आहेत.