कपातीच्या आधीच ठरलेले भाव

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक जवळ आली की शेअर बाजारात एकच चर्चा सुरू होते : रेपो दर घटणार की कायम राहणार? बैठकीच्या अखेरच्या दिवशी सकाळी दहा वाजता गव्हर्नर निवेदन वाचू लागतात आणि काही मिनिटांत बँका, वाहन उद्योग व गृहबांधणी कंपन्यांचे भाव हलू लागतात. मात्र अलीकडचे निर्णय आणि त्या त्या दिवशीचा बाजार शेजारी ठेवून पाहिल्यास, दर घटला म्हणजे बाजार चढला, हे समीकरण टिकत नाही.

७ फेब्रुवारी २०२५ रोजी जवळपास पाच वर्षांनी प्रथमच दरकपात झाली. रेपो दर पाव टक्क्याने उतरून ६.२५ टक्क्यांवर आला. पण सेन्सेक्स सुमारे २०० अंशांनी घसरला. या कपातीची अपेक्षा आधीच भावांत उतरलेली होती. ६ जून रोजी पाव टक्क्याची अपेक्षा असताना समितीने अर्धा टक्का कपात केली, सोबत बँकांचे रोख राखीव प्रमाणही टप्प्याटप्प्याने एक टक्क्याने घटवण्याची घोषणा झाली. सेन्सेक्स सुमारे ७५० अंशांनी वधारला. पुढे १ ऑक्टोबरला दर ५.५० टक्क्यांवर कायम राहिला, तरीही निर्देशांक ७०० अंशांहून अधिक चढला. कारण शेअर तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा २० लाखांवरून १ कोटी रुपये करण्यासारखे प्रस्ताव कोणाच्या गणितात नव्हते. याउलट ४ मे २०२२ रोजी नियोजित वेळापत्रकाबाहेर ०.४० टक्क्याची वाढ जाहीर होताच सेन्सेक्स १,३०० अंशांहून अधिक कोसळला होता.

थोडक्यात, निर्णय आणि अपेक्षा यांतील अंतरावर बाजाराची चाल ठरते. निवेदनातील शब्दांनाही तितकेच वजन असते. जूनमधील त्याच निवेदनात धोरणाची भूमिका ‘समावेशक’वरून ‘तटस्थ’ झाली आणि पुढील कपातींना फारसा वाव नसल्याचा संकेत मिळाला. शेअर बाजार कपातीने सुखावला. रोखे बाजाराने मात्र तो संकेत मनावर घेतला. त्यानंतरच्या महिन्यांत दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील परतावा घटण्याऐवजी वाढला.

हे अंतर ओळखण्याच्या खेळात सर्वाधिक फटका बसतो तो छोट्या सटोडियांना. घोषणेपूर्वी अनिश्चितता वाढते, तसे ऑप्शनचे प्रीमियमही फुगतात. निर्णय जाहीर होताच अनिश्चितता संपते आणि प्रीमियम उतरतात. त्यामुळे बाजाराची दिशा अचूक ओळखूनही, हालचाल पुरेशी मोठी नसेल तर ऑप्शन खरेदी करणाऱ्याच्या पदरी तोटा येतो. सेबीच्या अभ्यासानुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९१ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित निव्वळ तोटा १ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या साऱ्याचे कारण पतधोरण नव्हे. पण घोषणेच्या आदल्या दिवशी ‘खात्रीचा’ सल्ला देणाऱ्यांच्या मागे जाण्यापूर्वी हे आकडे आठवावेत.

गोव्यापुरता या निर्णयाचा अर्थ आणखी निराळा आहे. येथील बँकांत कर्जांच्या तुलनेत ठेवी कितीतरी अधिक आहेत. रेपो दराशी जोडलेल्या गृहकर्जदाराला कपातीचा लाभ काही महिन्यांत हप्त्यात किंवा मुदतीत दिसतो. मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्तांना मात्र ठेवीचे नूतनीकरण करताना उत्पन्न घटल्याचे कळते. कमी व्याजाला कंटाळून ही पुंजी शेअर बाजाराकडे वळण्याचा मोह याच काळात वाढतो. अशा वेळी घोषणेच्या दिवसाची वाट पाहण्यापेक्षा, किती वर्षे पैसा लागणार नाही आणि किती तोटा सोसता येईल, याचा हिशेब आधी मांडणे श्रेयस्कर. तो हिशेब समितीच्या निर्णयाने बदलत नाही.