राज्यशास्त्राला शिकवणारा कोठे मिळेल?



भाताची झोडणी उरकली, नागली-वरई घरात आली, की जव्हार-मोखाड्याच्या घराघरांत दोन गोष्टींचा विचार सुरू होतो. यंदा वीटभट्टीवर कोणी जायचे, आणि बारावीला असलेल्या मुलाचे किंवा मुलीचे काय करायचे. बोर्डाची परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि नेमके त्याच वेळी आईबाप भिवंडी-वसईकडे भट्टीवर असतात. अभ्यासाचे शेवटचे तीन महिने मूल एकटे पडते.

भात, खुरासणी आणि आंब्याच्या कलमांबद्दल लिहिणे हे या सदराचे नेहमीचे काम. पण शेतावर गेले की अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो. ‘साहेब, पोरगी बारावी आर्ट्सला आहे. राज्यशास्त्र डोक्यात शिरत नाही म्हणते. शिकवणी लावायची तर शिकवणारा कोणी भेटत नाही. दोन शेळ्या विकून तिला नाशिकला ठेवू का?’ प्रश्न शेळ्यांचा आहे, म्हणजे घरच्या भांडवलाचा आहे. म्हणून या वेळी त्याचाच विचार करू.

अडचण कोठे आहे?

खाजगी शिकवण्या निघतात त्या गणिताच्या, इंग्रजीच्या आणि शास्त्र शाखेच्या. राज्यशास्त्राला गिऱ्हाईक थोडे, म्हणून शिकवणीवालाही नाही. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. पण पाडा डोंगराच्या पलीकडे आणि एस.टी. दिवसातून एखाद-दोन वेळा, अशी स्थिती असली की तास बुडतात. बुडालेला तास राज्यशास्त्रात फार नडतो, कारण तेथे एक शब्द दुसऱ्या शब्दावर उभा असतो. ‘सार्वभौमत्व’ कळले नाही तर ‘संघराज्य’ कळत नाही.

पुस्तक तसे मोठे नाही. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या पुस्तकात राज्यसंस्था, स्वातंत्र्य आणि हक्क, समता आणि न्याय, संविधानिक शासन, प्रतिनिधित्व, न्यायमंडळ हे विषय आहेत. २०२० साली आलेल्या बारावीच्या पुस्तकात १९९१ नंतरचे जग, जागतिकीकरण, राष्ट्रीय एकात्मतेपुढील आव्हाने, सुशासन, भारत आणि जग असे धडे आहेत. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि २० गुण अंतर्गत. आमच्या मुलांच्या घरची बोली वारली, कोकणा, ठाकरी, आणि पुस्तकाची भाषा संस्कृत वळणाची. खरी अडचण आहे ती या दोन भाषांमधल्या अंतराची. ते अंतर ओलांडून देईल असा माणूस आपल्याला हवा आहे.

असा माणूस कोण?

नाशिक-ठाण्याचा विचार करण्यापूर्वी पंचक्रोशीत नजर टाकावी.

पहिला मान महाविद्यालयाच्या शिक्षकांचा. मुलीने वहीत न कळलेले दहा शब्द लिहून न्यावेत आणि तास संपल्यावर विचारावेत. ‘मला काहीच येत नाही’ असे सांगणाऱ्याला मदत करणे शिक्षकालाही कठीण जाते. नेमका प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलाला बहुतेक शिक्षक परत पाठवत नाहीत.

दुसरे, गावचेच पदवीधर. राज्यशास्त्र किंवा इतिहास घेऊन बी.ए. झालेली, तलाठी-ग्रामसेवकाच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलेमुली आता बऱ्याच गावांत आहेत. त्यांना संविधान वाचावेच लागते. शिकवताना त्यांचीही उजळणी होते. असा मुलगा घरच्या बोलीत समजावू शकतो, हा त्याचा मोठा गुण.

तिसरे, निवृत्त शिक्षक. चौथे, जव्हारच्या न्यायालयात काम करणारे वकील. वकील रोज शिकवणार नाहीत, पण मूलभूत हक्क आणि न्यायमंडळ या दोन धड्यांसाठी एका रविवारचे दोन तास मागितले तर नाही म्हणतीलच असे नाही. पाचवे, ग्रामसेवक. सुशासन म्हणजे काय हे त्यांच्या दप्तरातून दाखवता येते.

आणि शिकवणी एकट्या मुलीसाठी लावण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून लावावी. पैसे वाटले जातात, मुलीला सोबत मिळते आणि संध्याकाळी पाड्यावरून पाड्यावर एकटीला जावे लागत नाही.

बियाण्यासारखी पारख करा

बियाणे पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. भाताचे ऐंशी दाणे उगवले तर बियाणे चांगले. शिकवणाऱ्याचीही अशीच उगवण तपासणी करावी. आगाऊ वर्षाची फी देऊ नये. दोन तास शिकवू द्यावे आणि पालकाने शेजारी बसावे. लिहिता-वाचता येत नसले तरी बसावे. तीन गोष्टी पाहाव्यात.

१) तो एखादा धडा गावातल्या उदाहरणाने समजावतो का?

२) मुलगी बोलते का, की तोच एकटा बोलतो?

३) तास संपल्यावर मुलीला घरी येऊन आजीला तोच विषय सांगता येतो का?

तिसरी कसोटी सर्वांत खरी. ‘अपेक्षित प्रश्न’ देतो, पास होण्याची हमी देतो, असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. पावसाची हमी देणाऱ्यावर आपण विश्वास ठेवतो का?

फीच्या बदल्यात पैसेच द्यावेत असे नाही. तयारी करणाऱ्या मुलाला दोन वेळचे जेवण, पायलीभर नागली, हंगामात एखाद्या दिवसाची मजुरी असा व्यवहार गावात होऊ शकतो. मात्र तो आधी बोलून ठरवावा. फुकटची शिकवणी फार दिवस टिकत नाही.

अमेरिकेचा धडा सरपंचाच्या उदाहरणाने

संविधानिक शासनाचा अभ्यास करताना ब्रिटन आणि अमेरिकेच्या पद्धती येतात, आणि तेथे मुले अडखळतात. ‘आपल्याला अमेरिकेशी काय करायचे आहे?’ असे पालकही विचारतात. आपले नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केले होते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले.

आता समजावून कसे सांगायचे? सरपंच घ्या. पूर्वी आपण सदस्य निवडत होतो आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. सदस्यांचा विश्वास उडाला की सरपंच जाई. ही झाली संसदीय पद्धतीची चाल. आपला मुख्यमंत्रीही असाच विधानसभेच्या २८८ आमदारांतील बहुमतावर उभा असतो. पुढे २०१७ साली सरपंच थेट लोकांतून निवडण्याचा निर्णय झाला, २०२० मध्ये तो रद्द झाला आणि २०२२ मध्ये पुन्हा आला. थेट निवडलेला सरपंच म्हणतो, मला गावाने निवडले आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाची पद्धत या बाजूला झुकते. चार वर्षांची मुदत ठरलेली, आणि केवळ बहुमत गेले म्हणून त्यांची संसद त्याला काढू शकत नाही. फरक इतकाच की तेथे प्रत्येक राज्याचे निर्वाचक असतात, एकूण ५३८, आणि २७० मिळाले की अध्यक्ष ठरतो. म्हणूनच २०१६ साली देशभरात कमी मते पडूनही एक उमेदवार अध्यक्ष झाला. एवढे सांगितले की मूल दोन्ही पद्धतींची तुलना आपणहून लिहू शकते.

अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षांत ‘ए.पी. गव्हर्नमेंट’ नावाचा वरच्या दर्जाचा विषय घेता येतो. त्याला १ ते ५ अशी श्रेणी असते आणि चांगली श्रेणी मिळाली तर पुष्कळ महाविद्यालयांत तेवढा अभ्यास माफ होतो. तिकडचे पालकही, त्यांत आपले मराठी लोक आले, या विषयाला शिकवणारा शोधत असतात. त्या अभ्यासात मुलांना नऊ मूळ कागदपत्रे वाचावी लागतात. त्यांत १७८७ साली लिहिलेले त्यांचे संविधान आहे आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली तुरुंगातून लिहिलेले पत्रही आहे. ही रीत घेण्यासारखी आहे. शिकवणारा कोणीही मिळो, त्याने गाइडआधी भारताच्या संविधानाची मराठी प्रत मुलांसमोर उघडली पाहिजे.

ग्रामसभा ही प्रयोगशाळा

शास्त्राच्या मुलांना प्रयोगशाळा लागते. राज्यशास्त्राची प्रयोगशाळा आपल्या गावात आहे, आणि शहरातल्या मुलांना ती मिळत नाही. जव्हार आणि मोखाडा हे तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येणारे, म्हणजे अनुसूचित क्षेत्र. येथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि राज्याने त्याचे नियम २०१४ साली केले. त्या नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची मागणी ठराव करून करता येते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के हिस्सा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते आणि त्यांत किमान एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात.

बारावीच्या मुलीला ग्रामसभेत बसवा. मत देण्याचे वय झाले नसेल तर नुसते ऐकू द्या. मग तिने लिहावे : किती माणसे आली, किती बायका बोलल्या, ठराव कोणी मांडला, निधी कशावर खर्च झाला. शिक्षकांना विचारून हाच प्रकल्प अंतर्गत गुणांसाठी घेता येईल. शिवाय वनहक्काच्या दाव्याचा कागद घरात असेल तर तो तिला वाचू द्या. २००५ सालच्या १३ डिसेंबरपूर्वीपासूनचा ताबा म्हणजे काय, पुरावा कोणता, ग्रामसभेचा ठराव कोठे जातो, हे ती घरच्यांना सांगू शकली तर शिकवणीचा पैसा जमिनीच्याही कामी आला.

घरच्यांनी काय करावे

बालभारतीची पुस्तके फोनवर फुकट उतरवून घेता येतात. जव्हारला बाजाराला जाल तेव्हा रेंजमध्ये ती घेऊन ठेवावीत. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून आठवड्याला एक वेळ लावून सोडवावी आणि शिकवणाऱ्याने ती तपासावी. पाठ केलेले परीक्षेत विसरते, हाताने लिहिलेले सहसा राहते.

भट्टीवर जाणाऱ्यांनी बारावीच्या मुलाला परीक्षा संपेपर्यंत सोबत नेऊ नये. वसतिगृहाची, नाहीतर मामा-आत्याकडची सोय दिवाळीपूर्वीच पाहावी. मुकादमाकडून उचल घेताना मुलीचे हात त्यात धरू नयेत. आणि ‘नापास झाली तर लग्न उरकून टाकू’ असे तिच्यासमोर बोलू नये. त्या धास्तीने येणारेही विसरते. एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा आहे. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी राहूनही पदवी घेता येते.

शेळ्या तूर्त विकू नका. आधी पाड्यावरच्या चार घरांना बोलवा, पंचक्रोशीतल्या पदवीधरांची नावे काढा आणि येत्या रविवारी दोन तासांची उगवण तपासणी घ्या.