सूड नको, साक्ष हवी

युद्धातील अत्याचारांवर अतिमानुष कथा लिहिणाऱ्याकडून आपले वाचक आणि समीक्षक बहुधा एकच अपेक्षा बाळगतात : मेलेल्याने उठावे आणि मारणाऱ्याचा सूड घ्यावा. ही अपेक्षा आम्हांला केवळ बाळबोध नव्हे, तर घातकही वाटते. भुताने मारेकऱ्याचा गळा दाबला की हिशेब चुकता होतो आणि वाचक पुस्तक मिटून निश्चिंत झोपी जातो. ज्या गुन्ह्याचा न्याय कोणत्याही न्यायालयात झाला नाही, त्याची फेड कथेने परस्पर उरकून टाकणे ही मृतांची दुसरी फसवणूक होय.

ह्वांग सोक-यंग यांची 'सोन्निम' (२००१) ही कोरियन कादंबरी हा मोह टाळते. कोरियन युद्धात, १९५० साली, ह्वांगहे प्रांतातील सिनचॉन परिसरात भीषण हत्याकांड झाले. अमेरिकी सैन्याने ३५,००० हून अधिक माणसे मारली, असे उत्तर कोरियाचे शासन सांगते. तेथे त्याचे संग्रहालयही आहे. कादंबरी मात्र वेगळे सांगते. तिच्यात ख्रिस्ती आणि साम्यवादी गावकरीच एकमेकांच्या जिवावर उठतात. 'सोन्निम' म्हणजे पाहुणा. ज्या रोगाला आपण धाकापोटी 'देवी' म्हणतो, त्याला कोरियन लोक धाकापोटीच पाहुणा म्हणत. बाहेरून आलेला ख्रिस्ती धर्म आणि मार्क्सवाद हे लेखकाच्या लेखी तसेच पाहुणे.

अमेरिकेत स्थायिक झालेला धर्मोपदेशक योसोप जन्मगावी निघतो, तेव्हा त्याचा नुकताच वारलेला थोरला भाऊ योहान भूत होऊन सोबत येतो. योहान मारेकऱ्यांपैकी एक. पुढे मारलेलेही येतात. परंतु कोणी कोणाचा गळा धरत नाही. प्रत्येक जण आपण काय केले, काय भोगले ते सांगतो. मृतांना वाट करून देणाऱ्या लोकविधीच्या बारा टप्प्यांवर ही कादंबरी उभी आहे.

इतिहासाच्या रणात भुते आणणे ही पळवाट आहे, असा आक्षेप वास्तववादाचे अभिमानी घेतील. आम्ही उलट विचारतो : दगडविटांच्या संग्रहालयाने जे सांगायचे टाळले, ते भुतांनी सांगितले असेल तर पळवाट कोणाची?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोन्ही बाजूंची भुते एका ओळीत बसवली, तर सर्वच दोषी आणि म्हणून कोणीच दोषी नाही, असे होणार नाही का? होऊ शकते. पण येथे प्रत्येक कृत्याला कर्ता आहे, त्याचे नाव आणि गाव आहे. योहानला शिक्षा होत नाही, तशी सहज क्षमाही मिळत नाही. त्याला ऐकावे लागते. शिक्षा एकदाच भोगून संपते. ऐकणे संपत नाही, आणि त्यातून वाचकाचीही सुटका नसते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की अशा कथांना 'सूड मिळाला का?' असे विचारणे आपण सोडावे. 'कोण बोलले, आणि कोणाला ऐकावे लागले?' असे विचारावे. पहिला प्रश्न आपल्याला प्रेक्षकात बसवतो. दुसरा साक्षीदारांत उभे करतो.