यंत्राने हाक दिली, पुढे कोण?



एकदा मी एसटीने मालेगावहून नाशिकला येत होतो. चांदवडजवळ रस्त्याच्या कडेला एक तरुण मोटारसायकलवरून पडला होता. भोवती दहा-बारा माणसे उभी होती. पण पोलिसांची चौकशी मागे लागेल, या भीतीने कोणी पुढे होईना. शेवटी कांद्याच्या गाडीचा चालक खाली उतरला. त्याने १०८ क्रमांकावर फोन केला.

हाच अपघात रात्री निर्जन घाटात झाला असता, तर फोन कोणी केला असता? अशा वेळी अपघाताची सूचना देणारे यंत्र उपयोगी पडते. जोराचा धक्का बसताच ते तो ओळखते. उपग्रहांच्या साहाय्याने गाडीचे ठिकाण शोधते आणि मोबाईलद्वारे मदत केंद्राला आपोआप कळवते. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या प्रकारांत अशी सोय सक्तीची झाली.

आपल्याकडे २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांसाठी ठिकाण दाखवणाऱ्या यंत्राचा आणि संकटकाळी दाबायच्या बटणाचा नियम आला. पण बेशुद्ध माणूस बटण कसे दाबणार? ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेल्या खासगी बसला अपघातानंतर आग लागली. त्यात बारा जण दगावले. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. म्हणून आपोआप हाक देणारे यंत्र प्रत्येक बसमध्ये असावे, असे मला वाटते. आज काही महागड्या मोबाईलमध्ये ही सोय आहे. पण जीव तर गरिबाचाही तितकाच मोलाचा आहे!

काही जण म्हणतील, "यंत्र आले, आता आपले काम संपले." हे मला पटत नाही. यंत्र ठिकाण सांगते. वाहणारे रक्त थांबवत नाही. मोबाईलची रेंज नसेल, तर तेही मुके होते. रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीजवळ माणूसच लागतो.

आता भीतीचेही कारण उरलेले नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. ही गोष्ट आज घरी जाऊन वडीलधाऱ्यांना जरूर सांगा.

मित्रांनो, १०८ आणि ११२ हे क्रमांक पाठ करा. यंत्र हाक देईल. त्या हाकेला 'ओ' देणे आपले काम आहे.