गिटार घ्यायचीये? आधी घरातला प्लग बघ!

मुरबाडच्या माझ्या मामेभावाचा गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मेसेज आला. ‘ताई, २० हजार साठलेत. इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीये. अशी सांग जी सगळ्यात चालेल.’ खाली चार स्क्रीनशॉट. एक काळी, एक लाल, एक टोकदार कोपऱ्यांची आणि चौथी म्हणजे गिटार, अँप, बॅग, बेल्ट, पिक असं सगळं एकत्र देणारा कॉम्बो.

चौथा स्क्रीनशॉट बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण तसाच कॉम्बो एफवायला असताना मीही मागवला होता. साडेसहा हजारांत अख्खं दुकान घरी येतंय म्हटल्यावर कोण थांबतंय? खोकं शहापूरला आलं, कॉलनीतली पोरं जमली, फोटो झाले. आणि मग आठ महिने मी त्या गिटारीशी नुसती झटापट केली. तारा नेकपासून इतक्या वर की दाबताना बोटांना चरे पडायचे. वरच्या बाजूला सूर लागला की खाली बेसूर. मला वाटलं, आपली बोटंच नाजूक, आपला कानच कच्चा. शेवटी ती कपाटावर गेली. वर्षभराने एका जाणत्या कारागिराला दाखवली, तर त्याने डोळ्यासमोर आडवी धरून नुसती मान हलवली. नेक वाकलेली होती. आठ महिने मी स्वतःला नावं ठेवत होते आणि दोष लाकडात होता.

म्हणून भावाला म्हटलं, ब्रँड नंतर. आधी सांग, वाजवणार कुठे?

त्याची यादी भारी होती. लग्नसराईत मित्राच्या पार्टीबरोबर हळदीला. डिसेंबरात कॉलेजच्या गॅदरिंगला. कल्याणची दोन पोरं मेटल वाजवतात, त्यांच्याबरोबर रविवारी. आणि रोज रात्री घरी, जिथे दोन खोल्यांत पाच माणसं झोपतात आणि आजीची झोप सावध आहे. ‘सगळ्यात चालेल’ म्हणजे हे. यूट्यूबवरचे लोक ज्याला व्हर्सटाइल म्हणतात ते एसी स्टुडिओतलं असतं. आपल्याकडच्या व्हर्सटाइलमध्ये आजी येते, साउंडवाला येतो, महावितरण येतं.

इथे एक समज आधी मोडायला हवा. प्रत्येक ओळखीचा माणूस सांगतो, ‘आधी अकूस्टिक शिक, मग इलेक्ट्रिक.’ मला हे अजिबात पटत नाही. इलेक्ट्रिकच्या तारा साधारणपणे बारीक असतात, दाबायला हलक्या. पोकळ पेटी नसल्याने प्लग न लावता वाजवली तर आवाज खोलीच्या दारापर्यंतही धड जात नाही. दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरानंतर रियाज करायचा तर इलेक्ट्रिकच बरी. अकूस्टिक वाजवायला ज्याच्या घरी गच्ची किंवा वेगळी खोली आहे, त्याने तो सल्ला खुशाल पाळावा.

दुसरा समज म्हणजे इलेक्ट्रिक गिटार हे शहरातल्या पोरांचं फॅड. अरे, आपल्या हळदीत, गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर काय वाजतं? बेंजो. तारांचं वाद्य, त्याला पिकअप, पिकअपची वायर अँपला. मूळ वाद्य जपानचं, ताइशोगोतो, १९१२ साली तिथे तयार झालं. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं. ते आपल्याकडे बुलबुलतरंग झालं, मग त्याला वीज जोडली आणि आता त्याच्याशिवाय वरात हलत नाही. २०१६ मध्ये रवी जाधवांनी ‘बँजो’ नावाचा सिनेमाच काढला, रितेश देशमुखला घेऊन. म्हणजे विजेवरचं तंतुवाद्य गावात कधीच पोचलंय. माझ्या गिटारीचा निखळलेला जॅक मला कुठल्या म्युझिक शोरूममध्ये न्यावा लागला नाही. एका बेंजोवाल्या काकांनी चहा संपेपर्यंत सोल्डर करून दिला, पैसेही घेतले नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट, पिकअप. तारांखाली जे चुंबकाचे तुकडे दिसतात ते पिकअप, तेच तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलतात. एकाच वेटोळ्याचा तो सिंगल कॉइल. आवाज स्वच्छ, खणखणीत, पण आसपासच्या विजेची गुणगुण पण तो पकडतो. ५० हर्ट्झची ती ‘हूंऽऽ’ तुम्ही गॅदरिंगच्या स्पीकरमधून शंभरदा ऐकली असेल. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की ती गुणगुण एकमेकांना मारते, म्हणून त्याला हंबकर म्हणतात. १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी ही युक्ती बसवली. पुस्तकात हा टोनचा विषय असतो. पण मांडवात, जिथे लाइटच्या माळा, डिमर, जुन्या चोकच्या ट्यूब आणि जनरेटर सगळं एका बोर्डवर लटकलेलं असतं, तिथे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. निदान गाण्याच्या तरी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एकच गिटार घेणार असाल तर एचएसएस घ्या. म्हणजे ब्रिजजवळ एक हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल. पाच टप्प्यांचा स्विच असतो. ब्रिजकडे ढकलला की कल्याणच्या पोरांचं मेटल होतं, शिवाय बेंजोची जागा घेऊन हळदीची सुरावटही त्यावर धारदार निघते. मधल्या टप्प्यांवर कोळीगीताच्या कॉर्ड झुळझुळीत वाजतात. नेककडे नेला की गॅदरिंगमधलं हळवं गाणं. तीन सिंगल कॉइलची क्लासिक गिटार दिसायला देखणी, मलाही आवडते, पण तिला आपला मांडव झेपत नाही. दोन हंबकरवाली मेटलला राजा, कोळीगीताला जरा जाड पडते.

दुसरी अट ब्रिजची. भावाच्या टोकदार लाल गिटारीला लॉक होणारा, तरंगता ट्रेमोलो होता. दांडा दाबला की आवाज विमानासारखा खाली जातो, रील मस्त होते. पण त्यात सगळ्या तारा मागच्या स्प्रिंगांशी तोलून धरलेल्या असतात. एक तुटली की तोल जातो आणि उरलेल्या पाच बेसूर. हळदीत रात्री एक वाजता, नवरदेवाचा मामा समोर नाचतोय, दुसरी गिटार नाही, तेव्हा काय करणार? पक्का ब्रिज असेल तर पाच तारांवर गाणं निभावून नेता येतं. साधा ट्रेमोलो असला तरी हरकत नाही, मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे स्क्रू घट्ट करायचे, ब्रिज लाकडाला टेकून बसतो. दांडा मग कपाटात.

ब्रँड आता. या वर्गात यामाहाची पॅसिफिका ०१२, आयबानेझची जिओ मालिका, स्क्वायर आणि कॉर्टची सुरुवातीची मॉडेल्स यांच्याकडे बघा. स्क्वायर म्हणजे फेंडरचाच स्वस्त भाऊ. पॅसिफिका ०१२ ला एचएसएस मांडणी आणि साधा ट्रेमोलो आहे, म्हणजे आपल्या दोन्ही अटींत बसते. पण मी नावावर भांडणार नाही. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तर एक लोण्यासारखी आणि दुसरी करवतीसारखी असू शकते. म्हणून हातात घेतल्याशिवाय घ्यायची नाही. हे लिहिणं सोपं आहे, मला माहितीये. शहापूरकराने आसनगावहून लोकलने दोनेक तास काढायचे. मुरबाडला तर रेल्वेच नाही, आधी एसटीने कल्याण. पण सीएसएमटीला उतरलात की धोबी तलाव चालत जाण्याइतकं जवळ. तिथे फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं. आत जायला लाज वाटते, मान्य. मी पहिल्यांदा दारातून परत फिरले होते. काही न घेता चार गिटारी वाजवून बाहेर आलात तरी चालतं. हाताला चांगली गिटार कशी लागते ते एकदा कळलं की सेकंडहँड बघायला आपण तयार.

हो, सेकंडहँड. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी हौसेने घेतलेल्या आणि तिसऱ्या वर्षी पलंगाखाली गेलेल्या गिटारी ठाणे-डोंबिवलीत काय कमी आहेत? बघायला जाताना खिशात शाळेची पट्टी ठेवा. नेक डोळ्यासमोर धरून लांबीने बघा, किंचित खोलगट चालेल, पिळलेली नको. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत दीड-दोन मिलिमीटर अंतर असावं. जास्त असेल तर ते कमी होतंय का बघा. ब्रिजचे स्क्रू आधीच तळाला गेले असतील तर सोडून द्या. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, वेळ लागतो, लागू दे. स्विच फिरवताना करकर होत असेल तर ती कचऱ्याची, औषध आहे. खुंट्या फिरवल्यावर सूर घसरत असेल तर भाव पाडा. फ्रेटची टोकं बोटाला टोचत असतील तर मला तुमच्या बोटांची काळजी आहे.

मामेभावाचा हिशेब आम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडला. सेकंडहँड एचएसएस गिटार ११ हजार. छोटा मल्टि-इफेक्ट प्रोसेसर ६ हजार, तोही जुना चालेल. कारागिराकडून सेटअप १ हजार. बरी केबल, ९-४२ च्या तारांचे दोन संच आणि तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड मिळून दीड हजार. उरले ५००, त्यात तिकीट आणि वडापाव.

त्याने लगेच विचारलं, ‘अँप कुठंय?’ नाहीये. १० वॅटचा डबा घरात आजीला उठवतो आणि मांडवात ऑक्टोपॅडपुढे ऐकूच येत नाही, दोन्हीकडून वाया. प्रोसेसरला हेडफोन लावला की रात्रीचा रियाज झाला, आणि हळदीत त्याचीच वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला. काही प्रोसेसर पेन्सिल सेलवरही चालतात. पावसाळ्यात लाइट गेली की गेली, हे मुरबाडकराला वेगळं सांगायला नको. (पावसाळ्याचंच आणखी एक. दमट हवेत तारा गंजतात, नेक हलते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसायचं, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. नव्या बुटांच्या खोक्यातल्या फेकून देता ना, त्याच.)

आणि आता प्लग. माझ्या यादीत हा पिकअपच्याही वर आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अँपच्या किंवा मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे तुमची बोटं सतत त्या अर्थिंगवर असतात. अर्थिंग नीट असेल तर उत्तम. पण आपल्या मांडवात तीन पिनांच्या प्लगची जाड पीन काढून किंवा उघड्या वायरी काडीने खोचून काम भागवतात. गिटार एका बोर्डवर, माइक दुसऱ्या, तारांवर हात आणि ओठ माइकला. यात गडबड झाली तर ती अंगातून जाते. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्सीत ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी भर स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. मोठे बँड, मोठे हॉल, तरी. आपल्याकडे तर ओल्या गवतावर चपला काढून वाजवतात. माइकला ओठ लागल्यावर चुरचुरलं तर ‘थोडा करंट येतोय’ म्हणून हसायचं नाही, वाजवणं थांबवायचं. साउंडवाला वैतागेल. वैतागू दे. टेस्टर आणि सॉकेट तपासायचा तीन दिव्यांचा छोटा प्लग या दोन गोष्टी गिटारच्या बॅगेत असाव्यात, पिकच्या आधी.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगत होते तेव्हा मामा मागे ऐकत होता. मामाचा मूळ आक्षेप वेगळा, ‘२० हजारांत शेळ्या येतात.’ त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पैसे भावाचे, सुट्टीत एमआयडीसीत उभं राहून कमावलेले, एवढंच मी म्हणाले. पण प्लगचं ऐकून मामा उठला आणि घरातला बोर्ड उघडून बघितला. जाड पिनेच्या भोकामागे वायरच नव्हती.

गिटार अजून आलेली नाही. रविवारी डोंबिवलीला एक बघायला जातोय. तोवर मामाने परसात खड्डा खणून घेतलाय, इलेक्ट्रिशियनने मीठ-कोळसा टाकून अर्थिंग बसवलंय. मामी म्हणते, फ्रिजला हात लावला की मुंग्या यायच्या, त्या थांबल्या.