पुसण्याआधी पुसावे

जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाला आतून अडसर असे, तेव्हा किल्ली हरवण्याची धास्ती कोणालाच नव्हती. रात्री उशिरा येणाऱ्याने कडी वाजवावी, आतून कोणीतरी "कोण आहे?" म्हणून विचारावे, आणि आवाज ओळखीचा निघाला की अडसर सरकावा, असा शिरस्ता होता. आमच्या सोसायटीच्या फाटकाला आता मोटार बसली आहे. रात्रीचा पहारेकरी परवडेना म्हणून ही व्यवस्था आली. काडेपेटीएवढ्या रिमोटचे बटण दाबले की फाटक निमूटपणे बाजूला होते. "कोण आहे?" हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. रिमोट रेडिओलहरींवरून आपली ओळख सांगतो आणि मोटारीशेजारच्या डबीतला रिसीव्हर ती आपल्या यादीशी ताडून पाहतो.

ही यादी तयार करण्याची रीत मोठी मौजेची आहे. डबीत एक लहानसे बटण असते. त्यावर बहुधा 'लर्न', म्हणजे 'शीक', असे लिहिलेले असते. ते दाबले की दिवा लागतो. तेवढ्या अवधीत नव्या रिमोटचे बटण दाबले की दिवा लुकलुकतो आणि पाठ पक्का होतो. वीज गेली तरी रिसीव्हर शिकलेले विसरत नाही. इतका एकपाठी विद्यार्थी वर्गात मिळाला असता, तर माझ्यासारख्या व्याकरण शिकवणाऱ्याने आणखी काय मागितले असते?

जुन्या रिमोटांत बारीक खटक्यांची एक ओळ असे. बारा खटके असले तर जुळण्या होत ४०९६ आणि संकेत कायम एकच. २०१५ साली अमेरिकेत सॅमी कामकर या संशोधकाने लहान मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून अशी दारे काही सेकंदांत उघडून दाखवली. नव्या जातीचे रिमोट दर वेळी संकेत बदलतात, आणि रिसीव्हरही मनातल्या मनात त्यांच्याबरोबर पुढे मोजत जातो. त्यामुळे वाटेत कोणी एखादा संकेत चोरून टिपला, तरी एकदा वापरला गेलेला तो संकेत पुन्हा चालत नाही. 'कीलॉक' नावाच्या प्रसिद्ध पद्धतीत तर घरातल्या बाळाने खेळता खेळता बटण दाबून रिमोट थोडा पुढे नेला, तरी सोळा पावलांपर्यंत रिसीव्हर सांभाळून घेतो. त्याहून बराच पुढे गेला, तर बटण लागोपाठ दोनदा दाबून पुन्हा मेळ बसवता येतो.

ही सारी हुशारी चोरून ऐकणाऱ्यासाठी आहे. रस्त्यात पडलेला रिमोट ज्याने उचलला, त्याच्यापुढे ती काय करणार? त्याच्या हातात तर खरीच ओळख आहे!

गेल्या श्रावणात आमच्याकडे नेमके हेच घडले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचा स्कूटरच्या किल्ल्यांचा जुडगा मंडईत पडला आणि त्याला रिमोट अडकवलेला होता. सेक्रेटरींनी संध्याकाळीच कारागिराला बोलावले. त्याने डबी उघडून पाहिली आणि सांगितले, "साहेब, यात एकटा रिमोट काढता येत नाही. बटण दाबून धरलं की सगळेच पुसले जातात. मग एकेक पुन्हा शिकवायचा."

काही रिसीव्हरांत एकेक रिमोट वगळण्याची सोय असते, पण तीही कोणता रिमोट कितव्या जागी शिकवला, याची टिपणे ठेवली असतील तरच उपयोगाची. आमच्या डबीत ती सोय नव्हती आणि आमच्या वहीत टिपणेही नव्हती.

"मग पुसून टाका," सेक्रेटरी म्हणाले.

तेवढ्यात दिवसपाळीचा पहारेकरी हळूच म्हणाला, "साहेब, रात्रीच्या मावशींचं काय?"

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत. मुलगा बंगळूरला असतो. रात्री नऊला एक मावशी सोबतीला येतात आणि मुलाने आपला रिमोट त्यांच्याकडे ठेवला आहे. वहीत याची कुठेच नोंद नव्हती. त्या क्षणी यादी पुसली असती, तर मावशी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या असत्या, आणि आजींना उठून फोनही घेता आला नसता.

मराठीत 'पुसणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. पाटी पुसतात आणि वाटही पुसतात. विचारपूस या शब्दात तो दुसरा अर्थ आजही सुखाने नांदतो आहे. त्या संध्याकाळी आम्ही आधी दुसऱ्या अर्थाने पुसले. घरोघर जाऊन विचारले, "रिमोट किती? कोणाकोणाकडे?" वहीत सव्वीस होते, खाली आले एकतीस. नऊला मावशी आल्या. मग कारागिराने बटण दाबून धरले, दिवा विझला, आणि फाटक एका क्षणात आम्हां सर्वांना परके झाले. पहिला रिमोट मावशींचा शिकवला. माझी पाळी येईतो साडेनऊ वाजले. कधीकाळच्या भाडेकरूंकडे राहून गेलेले रिमोटही त्याच फटक्यात निकामी झाले, हा लाभ वेगळाच.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत खणातून एखादा जुना रिमोट निघाला, तर तो कोणत्या दाराचा ते आधी पाहा. सोसायटीच्या वहीत दर रिमोटपुढे घराचा क्रमांक तर लिहाच, पण तो प्रत्यक्षात कोणाच्या हातात आहे तेही लिहा. यंत्राच्या यादीत माणसांची नावे नसतात. ती ठेवणारी वही आपली आपल्यालाच लिहावी लागते. आमच्या सोसायटीत ती आता पहारेकऱ्याच्या टेबलावर असते आणि तिच्यातले पहिले नाव मावशींचे आहे.