नैवेद्याचा आंबा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वैशाखात एक नवलाचा न्याय चालतो. कुलदेवतेला चांदीची प्रभावळ वाहणारे गृहस्थ मानकुरादाच्या डझनासाठी गावाहून टोपली घेऊन आलेल्या बाईशी वीस रुपयांवरून हुज्जत घालतात आणि शेजारच्या दुकानात छापील किंमत निमूटपणे मोजतात. याला म्हणे व्यवहारचातुर्य!

मानकुरादाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्यान्वये बाहेरचा आंबा त्या नावाने विकणे दंडनीय आहे. परंतु 'फळ कोणत्या गावचे, बाग कोणाची?' असे विचारणारे गिऱ्हाईकच नसेल, तर नोंदणीचा तो कागद काय कामाचा? आपण विचारतो एवढेच, की स्वस्त कोठे मिळेल. स्वस्ताईच्या या हव्यासातूनच कार्बाइडने पिकविलेला आंबा घरात शिरतो. २०११ च्या नियमांनी तो निषिद्ध ठरला आहे. आपण मात्र तोच सोवळ्याने नैवेद्याच्या ताटात मांडतो.

देवस्थान समित्यांनी तरी उत्सवाची फळे, नारळ, सोलां कुळागरवाल्यांकडून थेट, त्यांनी सांगितलेल्या दराने घ्यावीत. खर्च वाढेल हे खरे. मग मंडपाच्या रोषणाईतील दोन माळा कमी कराव्यात.